पडवीचा ब्राउझर, माजघरातला ब्राउझर

इंटरनेटवर सुरक्षित कसं राहावं, याबद्दलचा सल्ला बहुतेक वेळा दोन टोकांचा असतो. एक म्हणतो, सगळं बंद करा: कुकीज बंद, जावास्क्रिप्ट बंद, व्हीपीएन चालू. दुसरा म्हणतो, आपल्याकडे लपवण्यासारखं आहे तरी काय? पहिल्याचं ऐकलं की सातबारा उघडत नाही, ऐन तिकिटाच्या वेळी पेमेंट अडकतं, आणि माणूस चार दिवसांत वैतागून सगळ्या सेटिंग्ज पूर्ववत करतो. दुसऱ्याचं ऐकलं तर फोनवर दिवसभर जाहिराती खणखणत राहतात, आणि एखाद्या दिवशी खात्यातले पैसे जातात.

हा लेख या दोघांच्या मधल्या माणसांसाठी आहे. गुहागरला दोन खोल्यांचा होमस्टे चालवणारे, देवगडहून आंब्याच्या पेट्या पाठवणारे, कुडाळला कॉलेजात जाणारे, दापोलीत निवृत्त होऊन पेन्शनचं काम आता मोबाइलवर करणारे. तुम्हाला संगणकातलं काही येत नसलं तरी चालेल. एका संध्याकाळचं काम आहे आणि एक पैसा खर्च नाही.

माझं सांगणं मुळात एकच आहे: सगळ्या कामांना एकच ब्राउझर, म्हणजे इंटरनेटवरची पानं उघडणारं ॲप, वापरू नका. आपल्या जुन्या घरात पडवीत कोणीही येऊन बसतं, पाणी पितं, गप्पा मारून जातं. माजघरात घरचीच माणसं जातात. म्हणून पडवीत कपाटाची किल्ली टांगायची नाही, आणि माजघरात अनोळखी माणसाला घ्यायचं नाही, एवढं पाळलं की दिवसभर दार उघडं ठेवूनही घर नीट चालतं. ब्राउझरचं तसंच करायचं. एक पडवीचा, एक माजघरातला.

आधी ठरवा, कोणापासून सांभाळायचं

सुरक्षा आणि खासगीपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या एकत्र केल्या की गोंधळ होतो. सुरक्षा म्हणजे चोरापासून बचाव: खोटी बँकेची साइट, पासवर्डची चोरी, फोनमध्ये शिरणारं वाईट सॉफ्टवेअर. खासगीपणा म्हणजे नजरेपासून बचाव: तुम्ही काय वाचता, काय शोधता, कुठलं औषध बघता, याची नोंद जाहिरात कंपन्यांकडे न जाणं. क्रोम हे याचं चांगलं उदाहरण. चोरापासून बचाव करण्यात तो अव्वल आहे, पण तो बनवणाऱ्या गुगलचं मुख्य उत्पन्न जाहिरातींतून येतं, त्यामुळे नजरेच्या बाबतीत त्याच्याकडून फार अपेक्षा करू नये.

ही नजर चालते मुख्यतः कुकीजवर. कुकी म्हणजे साइटने तुमच्या ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी चिठ्ठी. 1994 मध्ये नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीतल्या लू माँटुली यांनी ती शोधली, तेव्हा हेतू साधा होता: साइटला आधी आलेला माणूस पुन्हा ओळखता यावा. आजही लॉगिन टिकतं ते कुकीमुळेच. अडचण आहे ती त्रयस्थ कुकीची. तुम्ही बातमी वाचता एका साइटवर, पण त्या पानावर जाहिरात असते तिसऱ्याच कंपनीची, आणि ती कंपनीही आपली चिठ्ठी ठेवून जाते. पुढच्या साइटवर त्याच कंपनीची जाहिरात असली की ती चिठ्ठी वाचून तुम्हाला ओळखते. सफारीने अशा कुकीज मार्च 2020 पासून पूर्ण बंद केल्या. फायरफॉक्सने जून 2022 पासून प्रत्येक साइटच्या कुकीज वेगळ्या डब्यात ठेवायला सुरुवात केली. गुगलने जानेवारी 2020 मध्ये क्रोममधून त्या काढण्याची घोषणा केली, मुदत अनेकदा पुढे ढकलली, आणि 2024 मध्ये तो बेतच सोडून दिला. म्हणून क्रोममध्ये ही नजर आपोआप थांबत नाही.

तिसरा धोका लोक विसरतात, तो म्हणजे सामायिक यंत्र. घरात एकच फोन, पोरं त्यावर गेम खेळतात. झेरॉक्सच्या दुकानातला संगणक दिवसभरात पन्नास जण हाताळतात. त्याबद्दल पुढे सविस्तर सांगतो.

पहिलं काम: अपडेट

बाकी काही केलं नाही तरी हे करा. क्रोमची नवी आवृत्ती दर काही आठवड्यांनी येते, आणि ऑगस्ट 2023 पासून सुरक्षेच्या दुरुस्त्या दर आठवड्याला येतात. चोर ज्या भोकातून शिरतात ती भोकं या दुरुस्त्यांनी बुजतात. प्ले स्टोअर उघडा, उजव्या कोपऱ्यातल्या तुमच्या चित्रावर दाबा, ॲप्सच्या व्यवस्थेत जाऊन ब्राउझर अपडेट करा. नेटपॅक कमी असेल तर आपोआप अपडेट फक्त वाय-फायवर ठेवा, पण मग आठवड्यातून एकदा वाय-फायच्या टप्प्यात जाणं आलं.

घरी विंडोज 7 चा जुना लॅपटॉप असेल तर त्यावर क्रोम 109 च्या पुढे जात नाही, आणि ती आवृत्ती जानेवारी 2023 ची आहे. त्या लॅपटॉपवर हिशेब लिहा, फोटो बघा, पण बँकेचं काम करू नका. विंडोज 10 चा मोफत आधारही 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. ब्राउझरला अजून अपडेट येतात म्हणून तो लगेच टाकून देण्याची गरज नाही, मात्र नवं यंत्र घेण्याचा विचार सुरू करावा.

दुसरं काम: पडवी उभी करा

अँड्रॉइड फोनवर क्रोम बहुधा आधीपासून असतो. प्ले स्टोअरवरून फायरफॉक्स घ्या. हा तुमचा पडवीचा ब्राउझर. बातम्या, पाककृती, क्रिकेट, व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंक, गुगलवर शोधाशोध, सगळं इथे.

फायरफॉक्सच्या मेनूमध्ये एक्स्टेन्शन्स, म्हणजे ब्राउझरला जोडायच्या छोट्या पुरवण्या, आहे. तिथून युब्लॉक ओरिजिन जोडा. नाव पूर्ण बघून घ्या, 'ओरिजिन' हा शब्द त्यात असलाच पाहिजे, कारण मिळत्याजुळत्या नावांची दुसरी एक्स्टेन्शनही आहेत. हे रेमंड हिल यांनी लिहिलेलं आहे, मोफत आहे, आणि जाहिरातींबरोबर त्यांच्या मागची नजरही थोपवतं. आपल्याकडे याचा आणखी एक फायदा होतो. जाहिराती आणि त्यांचे व्हिडिओ उतरवलेच जात नाहीत, त्यामुळे एकच दांडी रेंज असलेल्या वाडीतही पान लवकर उघडतं आणि डेटा वाचतो. क्रोमवर हेच एक्स्टेन्शन 2025 पासून चालत नाही. तिथे त्याची हलकी आवृत्ती 'युब्लॉक ओरिजिन लाइट' मिळते, तीही फक्त संगणकावर. आयफोनवर मात्र वेगळा ब्राउझर घेऊन फार काही साधत नाही, कारण भारतात तिथले सगळे ब्राउझर आतून सफारीच्याच यंत्रणेवर चालतात. सफारीच ठेवा आणि त्यात लाइट जोडा.

मग सेटिंग्जमध्ये जाऊन 'एन्हान्स्ड ट्रॅकिंग प्रोटेक्शन' शोधा आणि 'स्ट्रिक्ट' निवडा. फायरफॉक्स इशारा देईल की काही साइट नीट चालणार नाहीत. चालू नयेत, हरकत नाही, पडवीत आपलं काही अडत नाही. 'एचटीटीपीएस-ओन्ली मोड' चालू करा, म्हणजे मधल्या वाटेत कोणी ऐकू शकेल असं पान इशाऱ्याशिवाय उघडणार नाही.

आता सगळ्यात महत्त्वाची पायरी, जी बहुतेक मार्गदर्शकांत सापडत नाही. फोनच्या सेटिंग्जमध्ये ॲप्स, त्यात डिफॉल्ट ॲप्स, त्यात ब्राउझर. तिथे फायरफॉक्स निवडा. यामुळे काय होतं? व्हॉट्सॲप, एसएमएस, ईमेल, कुठूनही आलेली लिंक दाबली की ती पडवीतच उघडते, जिथे तुम्ही कुठल्याही बँकेत लॉगिन नाही आणि कुठलाही पासवर्ड साठवलेला नाही. समजा, 'तुमची वीज आज रात्री तोडली जाईल, इथे भरा' असा मेसेज आला आणि घाईत दाबला गेला, तरी समोर आलेलं पान पडवीत आहे हे रंगरूपावरूनच कळतं, आणि हात थांबतो. माझ्या मते या एका बदलाचा उपयोग बाकी सगळ्या सेटिंग्जहून जास्त आहे.

बाकी एक्स्टेन्शनचा मोह टाळा. एक पुरे. कुठलंही एक्स्टेन्शन जोडताना 'सर्व साइटवरील माहिती वाचणे व बदलणे' अशी परवानगी मागितली जाते, आणि तिचा अर्थ अगदी तोच असतो. 'द ग्रेट सस्पेंडर' नावाचं एक्स्टेन्शन वीस लाखांवर लोक वापरत होते. 2020 मध्ये ते दुसऱ्या अनोळखी मालकाकडे गेलं आणि फेब्रुवारी 2021 मध्ये गुगलने ते घातक ठरवून सगळ्यांच्या क्रोममधून बंद केलं. वापरणाऱ्यांनी काही चूक केली नव्हती.

तिसरं काम: माजघर नीट ठेवा

क्रोम हा माजघरातला ब्राउझर. बँक, महाभूमी, आपले सरकार, महाडीबीटी, रेल्वेचं तिकीट, होमस्टेच्या बुकिंगचं खातं, एवढ्यासाठीच. इथे कुठलंही एक्स्टेन्शन नको, कडक सेटिंगही नको. अनेक सरकारी साइट पावती किंवा उतारा वेगळ्या खिडकीत, म्हणजे पॉप-अपमध्ये, उघडतात. पैसे भरताना बँकेचं पान तिसऱ्याच साइटच्या चौकटीत येतं. सगळं अडवून ठेवलं तर ही पानं अर्ध्यावर मरतात, आणि पैसे कापले गेले की नाहीत हेच कळत नाही. म्हणून माजघरात आपण दारावरच्या कड्या वाढवत नाही. आत कोणाला घ्यायचं, त्याची यादी तेवढी छोटी ठेवतो.

ती यादी म्हणजे बुकमार्क, ब्राउझरमध्ये खूण करून जपलेले पत्ते. तुमच्या बँकेची, महाभूमीची, रेल्वेची साइट एकदा काळजीपूर्वक पत्ता टाकून उघडा आणि बुकमार्क करा. नंतर नेहमी तिथूनच जा. गुगलवर बँकेचं नाव टाकून वर येणारं पहिलं पान उघडायचं नाही, कारण वरच्या जागा विकतच्या जाहिरातींच्या असू शकतात. 'कस्टमर केअर नंबर' गुगलवर शोधणं हा तर फसण्याचा राजमार्ग आहे. नंबर हवा असेल तर एटीएम कार्डाच्या मागे बघा, पासबुकावर बघा.

पहिल्यांदा पत्ता तपासायचा कसा? सुरुवातीचं 'एचटीटीपीएस' आणि त्यापुढच्या दोन तिरक्या रेघा दिसत असतील तर त्या सोडा, मग येणाऱ्या पहिल्या तिरक्या रेघेच्या आधीचा भाग घ्या आणि उजवीकडून डावीकडे वाचा. राज्य आणि केंद्र सरकारच्या बहुतेक साइटच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' किंवा 'एनआयसी डॉट इन' असतं, आणि हा शेवट खासगी माणसाला मिळत नाही. 'महाभूमी डॉट जीओव्ही डॉट इन' खरं. पण 'महाभूमी-जीओव्ही-इन डॉट कॉम' असं काही दिसलं तर शेवट 'डॉट कॉम' आहे, आणि तो कोणीही विकत घेऊ शकतो. बँकांच्या बाबतीत आता सोय झाली आहे. रिझर्व्ह बँकेने एप्रिल 2025 मध्ये सगळ्या बँकांना 'बँक डॉट इन' या शेवटाच्या पत्त्यावर जायला सांगितलं, मुदत होती 31 ऑक्टोबर 2025. हा शेवट बँकेलाच मिळतो. मोबाइलवर पत्ता अर्धाच दिसतो, त्यावर बोट दाबून पूर्ण बघा.

आणि कुलपाच्या चिन्हावर विसंबू नका. कुलूप एवढंच सांगत होतं की मधल्या वाटेत कोणी ऐकत नाही. पलीकडे कोण बसलाय, ते त्यात नव्हतं. 'लेट्स एन्क्रिप्ट' ही संस्था 2015 पासून असं प्रमाणपत्र कोणालाही फुकट देते. चांगलंच काम आहे ते, पण चोरही ते घेतो. लोकांचा हा गैरसमज पाहून क्रोमने सप्टेंबर 2023 मध्ये पत्त्याजवळचं कुलूप काढूनच टाकलं.

गणपतीच्या तिकिटाबद्दल थोडं, कारण आपल्याकडे वर्षातली ही सगळ्यात घाईची सकाळ. 1 नोव्हेंबर 2024 पासून आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, सकाळी 8 वाजता. त्या दिवशी पावणेआठला सेटिंग्जना हात लावायचा नाही. आदल्या संध्याकाळी माजघरातून लॉगिन करून बघा, पासवर्ड चालतोय ना, पॉप-अप अडत नाही ना. तपासायचं ते तेव्हाच.

पासवर्ड, ओटीपी आणि पावसाळा

ब्राउझर पासवर्ड साठवू का असं विचारतो. माजघरात 'हो' म्हणा, पण फोनला पिन किंवा बोटाचं कुलूप असेल तरच, आणि ते पिन घरातल्या पोरांना माहीत नसेल तरच. फोन सगळ्यांच्या हातात फिरत असेल तर बिटवॉर्डनसारखा वेगळा पासवर्ड मॅनेजर घ्या. तो मोफत आहे आणि त्याला स्वतःचं कुलूप असतं.

साठवलेल्या पासवर्डचा एक मोठा गुण आहे. ब्राउझर तो फक्त खऱ्या पत्त्यावरच आपोआप भरतो. खोटं पान डोळ्यांना हुबेहूब दिसेल, पण ब्राउझर फसत नाही, कारण तो चित्र बघत नाही, पत्ता बघतो. तेव्हा नेहमी आपोआप भरणारा पासवर्ड आज का भरला नाही, हा प्रश्न पडला की तिथेच थांबा आणि पत्ता वाचा.

ज्यांना हे झेपत नाही, त्या मोठ्या माणसांनी वहीत लिहून कपाटात ठेवलं तर मी त्यांना नावं ठेवणार नाही. दूर बसलेला चोर तुमच्या कपाटापर्यंत पोचत नाही. सगळीकडे एकच पासवर्ड ठेवण्यापेक्षा वही कितीतरी बरी. फक्त ती प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा, जुलैत कागद ओला होऊन शाई पसरते.

ईमेलला दुसरी पायरी, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारी सोय, लावाच, कारण ईमेल हातात आला की बाकी सगळे पासवर्ड बदलता येतात. दुसरी पायरी लावताना बहुतेक जण एसएमएसचा ओटीपी निवडतात, आणि आपल्याकडे तिथेच अडतं. पाऊस जोरात लागला, लाइट गेली, टॉवरची बॅटरी संपली की ओटीपी येत नाही. त्याऐवजी ऑथेंटिकेटर ॲप लावा. ते दर 30 सेकंदांनी सहा आकडी कोड फोनमध्येच तयार करतं, त्याला रेंज लागत नाही. फोनचं घड्याळ बरोबर असलं की झालं. समोर ब्रॉडबँडवर चालणारा संगणक आहे आणि मोबाइलला रेंज नाही, अशा वेळी हे ॲप किती उपयोगी पडतं ते इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. बँका मात्र अजून बहुतेक एसएमएसवरच आहेत, तिथे इलाज नाही.

दुसरी पायरी लावताना काही राखीव कोड मिळतात, ते कागदावर लिहून ठेवा. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं तेव्हा श्रीवर्धन, दिवेआगर, दापोलीच्या बाजूला वीज आणि नेटवर्क किती दिवस नव्हतं हे आठवा. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं आणि दुकानंच्या दुकानं बुडाली. अशा वेळी फोनच गेला तर नव्या फोनवर आपल्या खात्यात शिरायला ते कोडच कामी येतात.

हाच विचार सिंकबद्दल, म्हणजे बुकमार्क आणि पासवर्डची नक्कल कंपनीच्या सर्व्हरवर ठेवून दुसऱ्या फोनवरही मिळवण्याच्या सोयीबद्दल. खासगीपणाचे कट्टर पुरस्कर्ते सांगतात की सिंक बंद ठेवा, आपले बुकमार्क आणि पासवर्ड कंपनीकडे का द्यायचे? त्यांचं म्हणणं समजतं, पण पूर आणि वादळाच्या पट्ट्यात राहून मी तो सल्ला देणार नाही. सिंक चालू ठेवा, मात्र चावी आपल्याकडे ठेवून. फायरफॉक्सचं सिंक मुळातच असं आहे की साठवलेलं कंपनीला वाचता येत नाही. क्रोममध्ये सिंकच्या सेटिंग्जमध्ये एन्क्रिप्शनचा पर्याय आहे, तिथे स्वतःचा वेगळा परवलीचा शब्द ठेवता येतो. तो विसरलात तर कोणीही परत देऊ शकत नाही, म्हणून तोही त्याच वहीत.

नोटिफिकेशनचं गवत

'ही साइट तुम्हाला सूचना पाठवू इच्छिते' हे विचारणं तुम्ही रोज बघता. उत्तर कायम 'नाही'. कितीतरी जणांच्या फोनवर 'तुमच्या फोनमध्ये 13 व्हायरस आहेत' असे मेसेज येत राहतात आणि ते फोन दुरुस्तीला नेतात. फोनमध्ये व्हायरस बहुधा नसतो. कधीतरी एखाद्या साइटला 'अलाऊ' म्हटलेलं असतं, एवढंच. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये साइट सेटिंग्ज, त्यात नोटिफिकेशन्स. यादीतल्या सगळ्या अनोळखी साइट काढून टाका. तिथेच ठिकाण, कॅमेरा, माइक या परवानग्याही बघून घ्या.

काय करायची गरज नाही

व्हीपीएन, म्हणजे तुमचं सगळं येणंजाणं दुसऱ्या एका कंपनीच्या सर्व्हरमधून नेणारी सेवा. फुकटचं तर अजिबात नको, कारण सगळी वाहतूक त्याच्याच हातातून जाते आणि त्याला पैसे कुठून मिळतात हे तुम्हाला कळत नाही. शिवाय तुम्ही परदेशातून आल्यासारखं दिसलं की अनेक सरकारी आणि बँकांच्या साइट उघडतच नाहीत. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने एप्रिल 2022 मध्ये व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची माहिती 5 वर्षं ठेवायला सांगितल्यावर काही मोठ्या कंपन्यांनी भारतातले सर्व्हर काढून घेतले, त्यामुळे ही अडचण वाढलीच आहे.

टॉर ब्राउझर पत्रकारांसाठी आणि ज्यांच्या जिवाला धोका आहे त्यांच्यासाठी मोलाचा आहे. तो तुमची वाहतूक तीन ठिकाणांहून फिरवून नेतो, म्हणून हळू चालतो. आंब्याच्या पेट्यांचा कुरिअर शोधायला तो नको.

जावास्क्रिप्ट, म्हणजे पानांवरची बटणं आणि फॉर्म चालवणारा कोड, बंद करू नका, निम्मं इंटरनेट थांबेल. रोज सगळ्या कुकीज पुसू नका, रोज नव्याने लॉगिन आणि रोज ओटीपी मागे लागेल.

इन्कॉग्निटो या ब्राउझरच्या खासगी खिडकीबद्दल मात्र स्पष्ट सांगायला हवं. त्यात केलेलं त्या फोनवर मागे राहत नाही, एवढंच. साइटला तुम्ही दिसता, नेट पुरवणाऱ्या कंपनीला दिसता. इन्कॉग्निटोतही माहिती गोळा होते यावरून अमेरिकेत गुगलवर 2020 मध्ये दावा झाला आणि 2024 मध्ये तडजोडीत कंपनीने जुनी नोंद नष्ट करायचं मान्य केलं. तो उपयोगी आहे, पण दुसऱ्याच कामाला, तेच आता सांगतो.

दुसऱ्याच्या संगणकावर बसताना

महा ई-सेवा केंद्र, सायबर कॅफे, झेरॉक्सचं दुकान. तिथे बसलात की पहिल्यांदा इन्कॉग्निटोची खिडकी उघडा, काम त्यातच करा, आणि उठताना ती बंद करा. पासवर्ड साठवू का असं विचारलं तर 'नको'. बँकेचं काम शक्यतो तिथे करूच नका.

खरा धोका राहतो तो डाउनलोडमध्ये. आधारची पीडीएफ उतरवता, छापून घेता आणि निघून जाता. फाइल तिथेच राहते. तिचा पासवर्ड म्हणजे तुमच्या नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मवर्ष, जे गावात कोणालाही ठाऊक असतं. म्हणून डाउनलोडचं फोल्डर उघडून फाइल पुसा, मग रीसायकल बिनमधूनही पुसा. जिथे चालेल तिथे मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. दुकानदाराला व्हॉट्सॲपवर फाइल पाठवली असेल तर छपाई झाल्यावर त्याच्यासमोर ती दोन्हीकडून पुसायला सांगा. त्यात संकोच करण्यासारखं काही नाही, दुकानदारही समजून घेतो.

होमस्टेवाल्यांसाठी वेगळं

तुमच्याकडे पाहुण्यांचे फोन, आधार, आगाऊ रक्कम असं सगळं येतं, म्हणून तुमच्यावर डोळा असतो. मार्च 2025 मध्ये मायक्रोसॉफ्टने एक प्रकार उघड केला. बुकिंग डॉट कॉमच्या नावाने हॉटेलांना ईमेल जात होते, त्यात दक्षिण आशियातली हॉटेलंही होती. 'पाहुण्याची तक्रार आहे, इथे बघा.' लिंक उघडली की 'तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करा' असं पान, आणि त्यात सूचना: कीबोर्डवर विंडोज आणि आर दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर. असं करणारा माणूस स्वतःच्या हाताने चोराचा हुकूम संगणकाला देतो. जाहिरात अडवणारं एक्स्टेन्शन इथे वाचवेलच असं नाही. खरी कॅप्चा, म्हणजे तुम्ही माणूस आहात हे तपासणारी चाचणी, चित्रं निवडायला सांगते, अक्षरं टाकायला सांगते, चौकोनात खूण करायला सांगते. ती ब्राउझरच्या बाहेरची बटणं कधीच दाबायला लावत नाही. संगणकावर बसणाऱ्या मदतनिसाला हे आजच सांगून ठेवा.

दुसरं, आगाऊ रक्कम पाठवतो म्हणून क्यूआर कोड पाठवणारा पाहुणा. पैसे घ्यायला क्यूआर स्कॅन करावा लागत नाही आणि यूपीआय पिन तर कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात.

आई-बाबांच्या फोनसाठी

गणपतीला किंवा मे महिन्यात घरी आलेल्या चाकरमान्यांना माझी विनंती आहे, त्यातला एक तास यासाठी द्या. सत्तरीच्या माणसाला दोन ब्राउझरचा हिशेब सांगत बसू नका, तो टिकणार नाही. त्यांना एकच क्रोम ठेवा आणि त्याच्या सेटिंग्जमध्ये 'सेफ ब्राउझिंग' शोधून 'एन्हान्स्ड' निवडा. यात गुगलला जास्त माहिती जाते, हे खरं. पण खोट्या पानाचा इशारा लवकर मिळतो, आणि या वयात खासगीपणापेक्षा खात्यातली पुंजी सांभाळणं आधी येतं, असं माझं मत आहे.

त्यांच्या बँकेचं आणि वीजबिलाचं पान क्रोमच्या मेनूतून होम स्क्रीनवर जोडा, म्हणजे शोधायचा प्रश्नच येत नाही. नोटिफिकेशनची यादी साफ करा. फोनच्या सेटिंग्जमध्ये अनोळखी ठिकाणाहून ॲप बसवण्याची परवानगी व्हॉट्सॲपला आणि ब्राउझरला दिलेली असेल तर काढा. लग्नपत्रिका किंवा गाडीचं चलन म्हणून व्हॉट्सॲपवर एपीके, म्हणजे ॲप बसवणारी फाइल येते, आणि ती बसवली की फोनवरचे ओटीपी चोराकडे जाऊ लागतात. पत्रिका कधी एपीके नसते, ती फोटो असते किंवा पीडीएफ, हे त्यांना एकदा समोर बसून दाखवा. आणि चुकून काही दाबलं गेलं तर आम्ही रागावणार नाही, लगेच फोन करा, हेही सांगा. लाजेपायी दोन दिवस गप्प बसल्यामुळेच पैसे हातचे जातात.

काही अडलं तर, काही गेलं तर

पान उघडत नाही? पडवीत असाल तर पत्त्याजवळच्या ढालीवर दाबून त्या एका साइटपुरतं संरक्षण बंद करा. तरी जमलं नाही आणि साइट खात्रीची असेल तर ती माजघरात उघडा. तिथेही अडलं तर पॉप-अप अडवला गेलाय का बघा. सगळ्या सेटिंग्ज एकदम उलट्या करू नका, नंतर काय बदललं ते आठवत नाही.

पैसे गेले तर आधी 1930 ला फोन लावा. हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय क्रमांक आहे. कुठल्या खात्यातून, किती, किती वाजता आणि व्यवहाराचा क्रमांक काय, एवढं हाताशी ठेवा. तक्रार जितकी लवकर, तितकी पुढच्या खात्यात रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त. मग बँकेला कळवून कार्ड आणि नेट बँकिंग बंद करा, आणि सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या साइटवर लेखी तक्रार नोंदवा. मेसेज, स्क्रीनशॉट, कॉलची यादी यातलं काहीही पुसू नका. रेंज नसेल तर शेजाऱ्याच्या दुसऱ्या कंपनीच्या फोनवरून लावा, कारण 1930 कुठल्याही फोनवरून लागतो.